कारण दोन ओळींत लिहावे

असोसिएशनचा कागद आलाय.
बरोबरी सुटत नसेल तेव्हाचा नियम बदलावा का?
हो / नाही. एकावर खूण करावी.
खाली कारणासाठी दोन ओळी, ठिपक्यांच्या.

मी पंच. सत्तावीस वर्षं शिट्टी गळ्यात.
पोटापाण्याला नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात.
तिथे शाई केसभर सरकली तरी
अख्खा ताव बाद होतो.
आमच्या गेटवर नशिबाला पास मिळत नाही.

जानेवारीतली गोष्ट. जेल रोडचं मैदान.
मातीवर पाणी मारलेलं, आणि गारठा असा
की रेषेवरची फक्की बोटांना झोंबत होती.
मुलींची फायनल.
व्यावसायिक संघाचा एक माणूस खुर्चीत बसून
मफलरमधूनच काहीतरी लिहून घेत होता.

एकतीस-एकतीस.
मग पाच-पाच चढाया. पुन्हा सारखेच.
मग सुवर्ण चढाई.
(नाव ठेवणारा सोनार असावा.)
जिची आधी, तिनं गुण घेतला की खेळ खलास.
आधी कोणाची, ते नाण्याला विचारायचं.

नाणं माझ्याच खिशातलं, रुपयाचं,
सकाळी चहावाल्यानं परत दिलेलं.
मृणाल गायधनी म्हणाली, छापा.
यशोदा बेंडकोळी काहीच म्हणाली नाही.
तिच्याकडे काटा उरला.

छापा पडला.

मृणाल गेली, निदानरेषा ओलांडली,
कोपऱ्यातलीच्या गुडघ्याला तिचा अंगठा लागला न लागला.
लागला.
मी हात वर केला. तो हात अजून माझाच आहे,
चुकलेला नाही, शंभरदा तपासलाय.

पण यशोदा पलीकडे मध्यरेषेजवळ उभी होती.
सतरा गुण तिचे एकटीचे.
पेठहून आलेली, खळ्यावर सराव करून.
तिनं पुढच्या चढाईसाठी दम भरून घेतला होता.
छाती वर आलेली, ओठ ‘क’वर मिटायला आलेले.
ती चढाई नव्हतीच.
भरलेला दम कुठे सोडायचा
हे नियमावलीत कुठल्याच कलमात नाही.
मी घरी जाऊन बघितलं.

तिनं तो नाकावाटे हळू सोडला. धूर दिसला थंडीत.
मग मला विचारलं,
‘सर, पेठची गाडी गेली का हो?’

अहिरे मास्तर म्हणतात, भावनेत येऊ नका.
रात्रभर खेळवणार का? लाइटचं भाडं कोण भरणार?
दोघींना एकेक चढाई द्या म्हणता,
मग दुसरीला आधीच ठाऊक असतं किती हवेत ते,
तो काय न्याय झाला?
आणि पोरींचे पाय. चाळीस चढायांनंतर घोटा
स्वतःचं ऐकत नाही, पंचाचं काय ऐकणार.
मास्तरांचं खोटं नाही.
मास्तरांचं कधीच खोटं नसतं, हीच पंचाईत.

चौथ्या दिवशी मृणाल आली, कँटीनपाशी.
तिची आई आमच्याच सेक्शनला, नोटा मोजते.
नव्या संघाचं पत्र होतं हातात, घडी घालून घालून
मऊ पडलेलं.
म्हणाली, ‘सर, मी जिंकले ना?’
म्हटलं, हो.
‘नाही, म्हणजे. काटा पडला असता तर?’
मी मिसळीत पाव बुडवला
आणि बुडवतच राहिलो.

हरलेलीनं गाडीचं विचारलं.
जिंकलेली अजून विचारतेय.

तर आता हा कागद.
‘हो’वर खूण केली. नंतर पेन थांबलं.
काय लिहू? की नाण्याला दम लागत नाही?
की आपण छापखान्यातली माणसं
आणि निकाल मात्र टाकसाळीवर सोपवतो?
असलं लिहिलं की सचिव हसतात
आणि कागद फायलीत जातो.

शेवटी गुणपत्रकावर लिहितात तसं लिहिलं,
पहिल्या ओळीत, सरळ अक्षरात:
यशोदा बेंडकोळी, पेठ. एक चढाई बाकी.

दुसऱ्या ओळीचे ठिपके तसेच ठेवलेत.